शुद्धिपत्र

चिपळूणच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले.
एकदाच चुकलो. लग्नपत्रिकेत वराच्या नावाआधी
चि.च्या जागी कै. सुटून गेला.
वर अजून ठणठणीत आहे,
फक्त मला ओळख देत नाही.

आता मुलाकडे असतो, दापोलीखालच्या किनाऱ्यावर.
लाल पेन खिशातच. सवय.
घाट उतरताच ग्रामपंचायतीचा फलक
आपले आर्थिक स्वागत करतो,
आणि पुढची सगळी हॉटेलं त्या शब्दाला जागतात.
बांगड्या फ्राय, एकशे ऐंशी.
खेकडा रस्ता, विचारून घेणे.
कोंबडी वेडे.
एका खाणावळीत मी सोलकडीतल्या ड ला
आतून गाठ मारून ढ केला.
मालकानं वाटीचे तीस रुपये तरी सोडावेत?
नाही सोडले.

हर्णैच्या बंदरात शरफुद्दीन होडेकर
एका डोळ्यात मोतीबिंदू वागवत
होड्यांवर नावं लिहितो.
'सागरकण्या'.
म्हटलं, शरफूभाय, कण्या तांदळाच्या असतात.
तो ब्रश रॉकेलमध्ये बुडवत म्हणाला,
लायसनवर तेच, डिझेलच्या वहीत तेच,
अकरा वर्षं वादळातून ह्याच नावानं परत येतेय.
तुम्ही आता त्याचा न केलात
आणि दर्यानं ओळखलं नाही तर?

मी पेन खिशात ठेवलं. पण तेवढ्यापुरतं.

पुळणीच्या टोकाला, सुरूंच्या बाहेर
सरकारी पत्रा होता:
येथे पोहणे धोक्याचे आहे.
खाऱ्या वाऱ्यानं नेमका ण खाल्ला.
उरलेली मात्रा ह ला जाऊन चिकटल्यासारखी दिसायची.
येथे पोहे धोक्याचे आहे.
(खरं तर 'आहेत' हवं.)

त्याच पत्र्याखाली शेवंता चोगलेची टपरी.
कांदेपोहे, चहा, लिंबू सरबत.
गिऱ्हाईकं आधी हसत, फोटो काढत, मग खात.
धंदा वाढला. शेवंताही हसायची.
आणि मी,
ज्यानं आयुष्यात एक अनुस्वार फुकट सोडला नाही,
मीही तो ण तसाच राहू दिला.
चूक इतकी छान जमली होती.

मग एका रविवारी, ओहोटीच्या वेळी
इचलकरंजीची पाच पोरं
पत्र्याशी फोटो काढून, पोहे खाऊन,
बर्म्युड्याला हात पुसत पाण्यात गेली.
चार बाहेर आली.
पाचव्याला शेवंताच्या रोहिदासनं
केसांना धरून ओढून आणला
आणि वाळूवर पालथा घातला.
आधी पाणी आलं. मग पोहे.
मग, बऱ्याच वेळानं, खोकला.
शुद्धीवर येऊन पोरानं पहिलं विचारलं,
माझी चप्पल कुठाय?

संध्याकाळी मी रंगाचा डबा आणि बारका ब्रश घेऊन निघालो.
शेवंता माझ्याआधी स्टुलावर चढलेली.
चौथीपर्यंत शिकलेली बाई,
बोटानं चुना लावून
रिकामी जागा तिनं भरली होती,
आजूबाजूच्या अक्षरांहून दुप्पट मोठी.
पोहने.

खाली उतरून, बोट लुगड्याला पुसत म्हणाली,
बरोबर हाय ना? तुमी वाचनारी मानसं.

ण आणि न.
ह्या दोघांपायी मी किती पोरांच्या
कंपोझिंगचे पैसे कापायला लावले,
किती जणांचं तोंड उघडताच
त्यांचं घर, आळी, आडनाव ओळखून मोकळा झालो.

डबा पाठीमागे धरला.
बरोबर, मी म्हणालो.
आणि खरंच, त्या ओळीतलं 'आहे'
आता कुठं नीट बसलं होतं.

डबा घरी आहे.
झाकण अजून उघडलेलं नाही.